साक्षीचा रथ: जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आणि वस्तूच्या ओळखीचा प्रश्न

प्रश्नाची मांडणी

जीर्ण झालेली मोटार घराच्या अंगणात किंवा इमारतीच्या आवारात उभी करून, तिचा एकेक भाग सोडवून, जो सुधारण्याजोगा आहे तो सुधारून आणि जो नाही तो बदलून तिला पुन्हा चालती करणे, हा उद्योग वरवर पाहता छंदाच्या सदरात मोडतो; परंतु तो निष्ठेने करणाऱ्याला आज ना उद्या अशा एका प्रश्नाला सामोरे जावे लागते, जो भारतीय आणि युरोपीय तत्त्वचिंतनाने सुमारे दोन सहस्र वर्षे विचारला आहे. पत्रा बदलला, इंजिनाचे भाग बदलले, तारा, काचा, रबर, रंग आणि आसनांचे कापड बदलले, तर शेवटी रस्त्यावर येते ती तीच मोटार असते काय, की तिच्या नावाने आणि क्रमांकाने वावरणारी दुसरीच एखादी? हा प्रश्न केवळ बुद्धीच्या कसरतीचा नाही. ज्याने अनेक महिने रविवार खर्ची घालून वडिलांच्या किंवा आजोबांच्या वापरातली गाडी उभी केली, त्याच्या दृष्टीने त्या श्रमांचा अर्थच या उत्तरावर अवलंबून असतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी तीन क्रियांमधला भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण व्यवहारात त्या एकमेकींत मिसळतात. दुरुस्ती म्हणजे थांबलेले काम पुन्हा सुरू करणे. तिला पूर्वरूपाशी कर्तव्य नसते, आणि म्हणून जुन्या गाडीत दुसऱ्याच बनावटीचे इंजिन बसवणे हीदेखील दुरुस्तीच ठरते. जतन म्हणजे वस्तू आज ज्या अवस्थेत आहे तिच्याहून खाली तिला घसरू न देणे. जीर्णोद्धार या दोहोंहून वेगळा आहे, कारण त्यात गेलेले परत आणण्याचा संकल्प असतो, आणि जे गेले ते नेमके काय होते हे ठरवल्याखेरीज तो संकल्प करताच येत नाही. म्हणून तिन्ही क्रियांपैकी जीर्णोद्धारातच ओळखीचा प्रश्न टाळता येत नाही.

उदाहरणादाखल मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची फियाट घ्यावी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने, १९५० च्या दशकात फियाट ११०० ही मोटार तयार होऊ लागली. १९६४ च्या सुमारास तिचे डिलाइट हे रूप आले, तेच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखले जाऊ लागले, या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची साधी रचना असल्यामुळे घरच्या घरी हात घालण्यास ती सोपी मानली जाते. मात्र तिच्या रचनेतली एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: ट्रकला किंवा जीपला असतो तसा स्वतंत्र सांगाडा, म्हणजे ज्याला चेसी म्हणतात तो, या गाडीला नाही, तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर एकत्र जोडून बनलेली बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. गंज नेमका याच तळाला आणि पट्ट्यांना आधी धरतो, म्हणून जीर्णोद्धारात कापून काढावा लागणारा पत्रा हा गाडीचा वरचा वेश नसून तिचे हाडच असते. ज्याला वाटत होते की बाकी काहीही बदलले तरी गाडीचे म्हणून काही मूळ शिल्लक राहील, त्याला येथे ते मूळ बोटाने दाखवता येत नाही.

दोन रथ

भारतीय चिंतनात वाहनाची उपमा दोन परस्परविरुद्ध कामांसाठी वापरली गेली आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी आणि आत्मा हा रथात बसलेला स्वामी अशी मांडणी आहे. तेथे रथाचे महत्त्व दुय्यम, कारण तो ज्याच्यासाठी आहे तो रथी रथाहून वेगळा आहे आणि रथ मोडला तरी तो मोडत नाही. भगवद्गीतेत जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा जो दृष्टान्त येतो त्याची दिशाही हीच आहे: बदलते ते बाहेरचे, टिकते ते आतले.

याउलट पाली भाषेतल्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात, सागल नगरीत राज्य करणारा ग्रीक राजा मिलिंद म्हणजे मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांचा जो संवाद आहे, त्यात रथाची उपमा आत्म्याचे अस्तित्व नाकारण्यासाठी येते. नागसेन राजाला एकेक भाग दाखवत विचारतो की दांडी हा रथ आहे काय, आस हा रथ आहे काय, चाके, चौकट, जू, लगाम यांपैकी कोणता भाग रथ आहे, आणि हे सगळे वगळून रथ म्हणून निराळे काही उरते काय. प्रत्येक प्रश्नाला राजाला नकारच द्यावा लागतो, आणि अखेर तो मान्य करतो की या सर्व भागांच्या आधारे व्यवहारासाठी वापरले जाणारे नाव म्हणजे रथ. बौद्ध परिभाषेत अशा व्यवहारसिद्ध नामाला प्रज्ञप्ती म्हणतात. हीच उपमा त्याआधी संयुत्त निकायात वजिरा या भिक्षुणीच्या तोंडी येते, आणि पुढे मध्यमक संप्रदायाच्या चंद्रकीर्तीने सातपदरी परीक्षा करून दाखवले की रथ भागांशी एकरूप नाही, भागांहून भिन्न नाही, आणि भागांच्या नुसत्या ढिगालाही रथ म्हणता येत नाही.

घरी गाडी उघडणाऱ्या माणसाला नागसेनाची ही परीक्षा अक्षरशः हाताने करावी लागते. बॉनेट, दारे, डिकी, मडगार्ड, आसने, इंजिन, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड असे सगळे सुटे करून भिंतीशी मांडून ठेवल्यावर जमिनीवर गाडी दिसत नाही, आणि कोणत्याही एका भागाकडे बोट दाखवून गाडी म्हणता येत नाही. असे असूनही ते भाग विकून टाकावेत असे त्याला वाटत नाही, कारण त्याच्या मनात ती अजून एकच वस्तू आहे. नागसेनाचे उत्तर इथवर बिनचूक आहे की या एकपणाचा आधार धातूत सापडत नाही. परंतु तो एकपणा मग कशाच्या आधाराने टिकून आहे, हा प्रश्न त्या उत्तराने संपत नाही. स्वतः नागसेनानेही तो संपला असे मानलेले नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उदाहरणाने तो सांगतो की पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही आणि दोन वेगळ्याही नाहीत, त्यांच्यात अखंड परंपरा आहे. बौद्ध विचार या परंपरेला संतान म्हणतो, म्हणजे एका क्षणातून दुसरा क्षण उपजत राहण्याचा न तुटणारा प्रवाह. जीर्णोद्धाराच्या विचारात हा शब्द अत्यंत मोलाचा ठरतो.

अवयवी, द्रव्य आणि पर्याय

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी बौद्ध मत स्वीकारले नाही. त्यांच्या मते भाग म्हणजे अवयव, आणि भागांपासून उत्पन्न होऊन त्या भागांतच समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहणारी संपूर्ण वस्तू म्हणजे अवयवी; हा अवयवी भागांइतकाच खरा आहे. याच्या बाजूने न्यायसूत्रांत दिलेला एक युक्तिवाद असा की वस्तूचा एक भाग धरून ओढला असता संपूर्ण वस्तू ओढली जाते, धान्याच्या राशीतला एक दाणा ओढल्याने रास ओढली जात नाही. बंद पडलेल्या गाडीला पुढच्या आकड्याला दोर बांधून ओढताना प्रत्यक्षात हेच घडते. आणि तळ गंजून इतका पोकळ झाला असेल की आकडा पत्र्यासह उपटून हातात येतो, तर त्या क्षणी अवयवी नष्ट होत चालल्याचे नैयायिकाच्या परिभाषेतही सांगता येते.

संपूर्ण वस्तूला खरी मानणाऱ्या या दर्शनांचा बदलाविषयीचा निकाल मात्र बौद्धांइतकाच कठोर आहे. वस्त्राचा एक तंतू काढला तर आधीचे वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या तंतूंपासून नवे, ज्याला ते खंडपट म्हणतात, उत्पन्न होते, कारण अवयवी हा त्याच विशिष्ट अवयवांच्या संयोगावर अवलंबून असतो. हा नियम काटेकोरपणे लावला तर बाजूचा आरसा बदलताच गाडी दुसरी होते. मग तीच गाडी अशी जी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणजे आठवण आणि प्रत्यक्ष दर्शन यांनी मिळून बनलेले ज्ञान म्हणतात, तिचे काय? बौद्धांचे म्हणणे असे की कापल्यावर पुन्हा वाढलेले केस आणि नखे पाहूनही तीच आहेत असे वाटते, म्हणून ही ओळख सादृश्यातून उपजलेला भास असू शकते. जीर्णोद्धाराच्या संदर्भात हा इशारा फार गंभीर आहे, कारण उत्तम रंगवलेली, मूळ छटेची, योग्य चिन्हे लावलेली पण मुळात दुसऱ्याच गाडीची असलेली बॉडी पाहून कुटुंबातल्या माणसांनाही तीच गाडी म्हणून गहिवर येऊ शकतो.

जैन दर्शनाने या दोन टोकांमधून मार्ग काढला. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सत् वस्तूचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाहीसे होणे आणि टिकणे, या तिन्हींच्या एकत्र असण्याने केले आहे. टिकते ते द्रव्य आणि बदलतात त्या अवस्था, म्हणजे पर्याय. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत दिलेल्या दृष्टान्तात सोन्याचा घट वितळवून मुकुट घडवला जातो, तेव्हा घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो आणि ज्याला केवळ सोने हवे आहे तो समभावाने राहतो. म्हणजे एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य तिन्ही खरे असतात. घरी जीर्णोद्धार करणाऱ्याला हे वर्णन नैयायिकांच्या निकालापेक्षा जवळचे वाटते, परंतु ते गाडीला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण येथे सोन्यासारखे टिकणारे द्रव्यच बदललेले असते. घटाचा मुकुट होतो तेव्हा आकार जातो आणि सोने राहते. गाडीच्या जीर्णोद्धारात पत्रा जातो आणि आकार राहतो. जे ध्रुव आहे ते धातूत शोधून सापडणार नाही, हा नागसेनाचा निष्कर्ष अशा रीतीने पुन्हा समोर येतो, आणि त्याचबरोबर ध्रुव काहीच नाही असे म्हणणेही अनुभवाला पटत नाही.

नावेपासून न्यायालयापर्यंत

युरोपात हा प्रश्न थिसिअसच्या नावेच्या रूपाने प्रसिद्ध आहे. प्लूटार्कने नोंदवले की अथेन्सचे लोक ती नाव जपताना कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले आणि ती तीच नाव आहे की नाही हा तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय झाला. सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात भर घातली: काढलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी साठवून त्याच क्रमाने जोडल्या तर दोन नावा उभ्या राहतील, आणि मग थिसिअसची नाव कोणती? मोटारींच्या जगात ही शंका कल्पनेपुरती राहत नाही. भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रे एकाकडे, तिचा पुढचा भाग दुसऱ्याकडे आणि इंजिन तिसऱ्याकडे अशी विभागणी होऊ शकते, आणि त्यातून एकाच ओळखीवर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्या उभ्या राहू शकतात.

असाच एक वाद १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात आला. ओल्ड नंबर वन या नावाची बेंटले मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती; त्यानंतर तिचे अनेक भाग बदलले गेले, तिला मोठे इंजिन बसवले गेले, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवरच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडल्यावर ती पुन्हा बांधली गेली. सुमारे सहा दशकांनंतर तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला, तेव्हा खरेदीदाराने असा आक्षेप घेतला की विजेत्या गाडीतले जवळजवळ काहीच आता हिच्यात उरलेले नाही. न्यायमूर्ती ओटन यांनी हे मान्य केले की शर्यत जिंकलेल्या गाडीचे मूळ द्रव्य आता फारच थोडे आहे. तरीही त्यांनी निर्णय दिला की हीच अस्सल ओल्ड नंबर वन आहे, कारण तिचा इतिहास कोठेही खंडित झालेला नाही, प्रत्येक बदल आधीच्या गाडीवरच घडत गेला आहे, आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी अस्तित्वात नाही.

हा निर्णय बौद्धांच्या संतानविचाराच्या अगदी जवळ जातो, परंतु त्यात एक गोष्ट अधिक आहे. अखंड परंपरा होती हे न्यायालयाला कळले कसे? धातूला विचारून नव्हे, तर नोंदी, छायाचित्रे आणि माणसांच्या जबान्या तपासून. म्हणजे साक्षीच्या आधाराने. परंपरा घडलेली असणे ही एक गोष्ट आणि ती घडली हे कोणीतरी जाणणे ही दुसरी. दोन्ही असल्याखेरीज तीच गाडी असे सार्थपणे म्हणता येत नाही. परंपरेशिवाय साक्ष म्हणजे खोटी साक्ष, जशी भंगारातल्या गाडीचा चेसी नंबर दुसऱ्या बॉडीवर ठोकताना दिली जाते; आणि साक्षीशिवाय परंपरा म्हणजे हरवलेली ओळख, जी खरी असूनही कोणाच्या उपयोगी पडत नाही. भारतात २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी केलेल्या स्वतंत्र नियमांतही, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची विशेष नोंदणी करताना सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मूलभूत फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. तिच्या मुळाशीही मालकाकडून अखंडतेची साक्ष मागण्याचीच भूमिका दिसते.

जीर्णोद्धाराचे शास्त्र

धर्मपरंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, कारण देवालये आणि मूर्ती याही झिजतात. दक्षिणेतल्या आगमपरंपरेत मंदिराचे काम काढण्यापूर्वी देवतेचे सान्निध्य कुंभात आवाहन करून बालालय नावाच्या तात्पुरत्या लहान देवस्थानात ठेवले जाते, बांधकाम पूर्ण झाल्यावर ते पुन्हा मूळ स्थानी आणले जाते आणि कुंभाभिषेकाने विधीची समाप्ती होते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात नवकलेवर या विधीने काष्ठमूर्तीच बदलल्या जातात, जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत स्थापन होतो आणि जुन्या मूर्तींना भूमीत समाधी दिली जाते. अलीकडे असे विधी १९९६ आणि २०१५ साली झाले. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने पूर्ण बांधले जाते, आणि २०१३ साली बांधलेले मंदिरही भाविकांच्या दृष्टीने तेच प्राचीन मंदिर असते.

या तिन्ही उदाहरणांत द्रव्याच्या सातत्याचा आग्रह नाही; आग्रह आहे तो संक्रमण विधिपूर्वक, जाणत्या माणसाच्या उपस्थितीत आणि कोठेही खंड न पडता होण्याचा. जुने काढले आणि नवे बसवले त्या मधल्या अवस्थेत कोणीतरी सान्निध्य सांभाळतो. या अर्थाने पाहिले तर घरी सुटी केलेली गाडी महिनोन्‌महिने भागांच्या रूपात पडून असते तेव्हा तिची ओळख ज्याच्या स्मरणात, ज्याच्या वहीत आणि ज्याने प्रत्येक बोल्टाला लावलेल्या चिठ्ठीत राहते, तो माणूसच तिचे बालालय असतो. गाडी दूरच्या गॅरेजमध्ये सोपवून तयार झाल्यावर ताब्यात घेणाऱ्याला पैशाने उत्तम काम मिळू शकते, पण ही उपस्थिती मिळत नाही. कोणता पत्रा कापला, तो किती गंजला होता, आतून कोणत्या जुन्या रंगाचा थर निघाला, हे त्याला सांगता येत नाही. घरी केलेल्या जीर्णोद्धाराचे तात्त्विक श्रेष्ठत्व बचतीत नाही, या साक्षीत आहे.

आधुनिक संवर्धनशास्त्रही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये मान्य झालेल्या सनदेत दोन तत्त्वे आहेत: जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असूनही मूळ भागापासून ओळखता आला पाहिजे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघाने, ज्याला फिवा म्हणतात, पुढे याच सनदेच्या आधारावर वाहनांसाठी तुरीनची सनद केली. पहिले तत्त्व ज्ञानाची मर्यादा मान्य करायला सांगते आणि दुसरे सत्याशी प्रामाणिक राहायला. दोन्ही तत्त्वे साक्षीदाराला शोभणारी आहेत.

झीज, अनित्यता आणि आसक्ती

गाडीचा जीर्णोद्धार हा अनित्यतेवर मिळवलेला विजय आहे अशी समजूत सहज होते, परंतु कामाचा अनुभव नेमका उलटा धडा देतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून गंज तयार होतो, मुंबई-कोकणच्या हवेतील क्षारांमुळे त्याचा वेग वाढतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागत असल्यामुळे तो रंगाखाली फुगून पत्रा उचलतो. तो काढण्यासाठी पत्रा घासावा लागतो, आणि घासताना गंजाबरोबर थोडे निरोगी लोखंडही जाते. इंजिनाचे बोअरिंग हे याचे अधिक ठळक उदाहरण होय. ६८ मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर पिस्टनच्या घर्षणाने लंबगोल झाले की लेथच्या कारखान्यात ते कापून किंचित मोठे आणि पुन्हा गोल केले जातात आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवले जातात. असे काही वेळा करता येते, त्यानंतर भिंती इतक्या पातळ होतात की आत लायनर घालावा लागतो. म्हणजे इंजिनाला नवे आयुष्य देणारे प्रत्येक काम त्याच्या मूळ द्रव्याचा एक थर कायमचा संपवते, आणि नोंदणीपुस्तकात १०८९ घनसेंटीमीटर लिहिलेले इंजिन बोअरिंगनंतर काटेकोर मापाने तेवढ्याचे राहत नाही. जीर्णोद्धार काळाला थांबवत नाही. काळाच्या कामात तो स्वतःही सहभागी होतो.

यात एक नैतिक बाजूही आहे, जिची चर्चा क्वचितच होते. उत्पादन थांबलेल्या गाडीचे मूळ भाग मिळतात ते बहुधा त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीतून. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा एखाद्या भंगारवाल्याकडे मिळालेले दार, हेडलाइटची चौकट किंवा गिअरबॉक्स यांमागे एक फोडलेली गाडी असते. जी गाडी जगते तिच्यासाठी जी संपली, तिचीही नोंद ठेवणे हे कर्तव्य मानले पाहिजे, आणि अजून चालू शकणारी गाडी केवळ स्वतःच्या गाडीला शोभिवंत करण्यासाठी फोडणे हा अधर्म मानला पाहिजे.

अपरिग्रहाच्या दृष्टीने असा आक्षेप घेता येईल की एका जड वस्तूवर इतके प्रेम, वेळ आणि पैसा ओतणे हीच आसक्ती होय, आणि आसक्ती तर बंधनाचे कारण सांगितली आहे. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु आसक्ती वस्तूत नसते, वस्तूने कसे असावे याविषयीच्या हट्टात असते. जो माणूस गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाहूनही चकचकीत करतो, मूळचे ओबडधोबड वेल्ड लांबी भरून गुळगुळीत करतो, आणि तिच्यावर गेलेल्या वर्षांची एकही खूण उरू देत नाही, त्याचे प्रेम गाडीवर नसून अनित्यता नाकारण्यावर आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या चरणांची झीज रोखण्यासाठी वेळोवेळी वज्रलेप करण्यात आला आहे. त्या चरणांना असंख्य भाविकांच्या हातांचा आणि मस्तकांचा स्पर्श झालेला आहे, आणि हे जाणणारा कोणीही त्या झिजेला केवळ दोष मानू शकणार नाही. स्टिअरिंगवरची हाताने गुळगुळीत झालेली जागा किंवा पेडलचे एका कडेला झिजलेले रबरही असेच कोणाच्या तरी आयुष्याचा लेखा सांगते. कोणती झीज गाडीला मारते आणि कोणती तिची कहाणी सांगते, हा विवेक करता येणे म्हणजेच आसक्तीवाचून काळजी घेता येणे.

साक्षीचा धर्म

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य होते. गाडीत आत्मा नाही, हे नागसेनाचे म्हणणे मान्य करावे लागते. तिच्यात असा कोणताही भाग नाही ज्याच्या टिकण्याने ती टिकली असे म्हणता येईल. परंतु कठोपनिषदाने दाखवलेली दिशाही वाया जात नाही, कारण रथाच्या एकपणाचा आधार रथात नसून रथाशी जोडलेल्या चेतनेत असतो. महाभारताच्या शल्यपर्वात एक प्रसंग आहे: युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरायला सांगतात, मग स्वतः उतरतात, आणि त्याच क्षणी रथ पेट घेऊन भस्म होतो, तो द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी आधीच दग्ध झालेला होता, पण सारथ्याच्या सान्निध्यामुळे एकसंध राहिला होता. भागांनी रथ होतो आणि तरीही भाग रथाला धरून ठेवू शकत नाहीत, हे दोन्ही या कथेत एकत्र येतात.

माणसाच्या हातात दैवी सामर्थ्य नाही. त्याच्या हातात आहे ती सत्यनिष्ठ उपस्थिती. सांख्य आणि वेदान्त या दर्शनांत जाणणारे पण न गुंतणारे तत्त्व साक्षी म्हणून वर्णिले आहे, आणि मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो तर दुसरा केवळ पाहतो. घरी जीर्णोद्धार करणाऱ्याला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात: हात पत्रा कापतात, वेल्ड करतात, कार्ब्युरेटर उघडून साफ करतात, आणि त्याच वेळी त्याच्यातला पाहणारा नोंद ठेवतो की काय गेले, काय आले आणि का. काम करणारा गाडीवर प्रेम करतो म्हणून काम होते. पाहणारा खोटे बोलत नाही म्हणून गाडी तीच राहते. यांपैकी एकाने दुसऱ्याला गिळले की जीर्णोद्धार बिघडतो: नुसता पाहणारा उरला तर गाडी गंजून जाते, आणि नुसता प्रेमी उरला तर तिच्या जागी तिची सुंदर नक्कल उभी राहते.

यावरून काही ठोस कर्तव्ये निघतात. बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी आणि तिच्यात चुकाही लपवू नयेत. नवा पत्रा जेथे जोडला तेथे आतल्या बाजूने ओळखू येईल अशी खूण ठेवावी. काढलेले मूळ भाग, ते वापरण्याजोगे नसले तरी, शक्य तोवर सांभाळून गाडीबरोबर पुढे द्यावेत. पुरावा नसेल तेथे कल्पनेने मूळ रूप रचू नये, आणि रचलेच तर ते रचलेले आहे असे सांगावे. गाडी विकताना घेणाऱ्याला हे सारे न विचारता सांगावे. या कर्तव्यांपैकी एकही यंत्रविद्येचे नाही. सगळी सत्याची आहेत. कामात चूक राहिली तर ती पुढचा माणूस सुधारू शकतो, पण साक्षीत खोट राहिली तर ती सुधारण्यासाठी लागणारा आधारच नष्ट होतो.

वस्तूचे तेच असणे हे वस्तूला जन्मतः मिळालेले लक्षण नाही, तर माणसाने वस्तूशी आणि इतर माणसांशी पाळलेल्या सचोटीचे फळ आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. नागसेनाने रथाचे उदाहरण दिले ते मिलिंदाला माणसाविषयी काही सांगण्यासाठी, हे येथे विसरता कामा नये. माणसाचे शरीर आणि विचार हेही बदलत जातात, आणि पूर्वीचा मी आणि आजचा मी एकच आहे असे म्हणण्याचा आधार त्याला आपल्यातल्या एखाद्या न बदलणाऱ्या कणात सापडेलच असे नाही. परंतु दिलेल्या शब्दाला जागणे, केलेल्या चुकीची जबाबदारी घेणे आणि झालेला बदल न लपवणे या मार्गाने तो आपले सातत्य रोज घडवू शकतो. गंजलेल्या पत्र्याशी खरे वागण्याची ज्याला सवय लागली, त्याने या मोठ्या कामाची दीक्षाच घेतली आहे.